ताई नऊ वेळा उठली

“सात!” सगळं सभागृह एका आवाजात ओरडलं. “आठ!”

माझी थोरली बहीण आठव्यांदा खुर्चीतून उठली तेव्हा शेजारच्या बाईने माझा दंड असा आवळला की जणू उठबस तिचीच चालली होती. ताईचे हात छातीवर घडी घातलेले. कशाला टेकणं नाही, कण्हणं नाही. वय एकाहत्तर. वर्षापूर्वी न्हाणीच्या दाराशी पडून मनगट मोडून घेतलेलं. ती नवव्यांदा उठली, उभीच राहिली, आणि लोकांनी सभागृह डोक्यावर घेतलं.

“चाळीस दिवसांपूर्वी किती?” माईकवरून प्रश्न आला.

“दोन!”

“आज?”

“नऊ!”

“ही किमया कुणाची, मातोश्री?”

ताईने धाप आवरत माईकवाल्याकडे हात केला. त्याने मान कलती करून टेबलावरच्या डब्याकडे बोट दाखवलं. मी नाही, हा. त्या दिवशी एकोणीस बायका उठवल्या गेल्या आणि एकोणीस वेळा ती मान तेवढीच कलली. मोजायची खोड मला जुनी आहे.

माईकवाल्याला सगळे वज्रदादा म्हणत. अंगात डॉक्टरसारखा पांढरा कोट, गळ्यात माळ. ज्याला जे हवं ते त्याने बघावं. डब्यातल्या पुडीचं नाव अस्थिवज्र.

“मातोश्री, दुकानातलं जीवनसत्त्व मेलेलं असतं!” दादा सांगत होता. “बाटलीत कोंडलेलं! बाटलीत कोंडलं तर तुम्ही जगाल का?”

“नाही!”

“माझं जीवनसत्त्व श्वास घेतं. ते हाडापाशी जातं, हाडाला विचारतं, बाई, तुला काय कमी आहे? आणि मग हाड बोलतं!”

“काय बोलतं गं हाड?” मी कटिंगवालीच्या कानाशी लागले.

“तुझ्याइतकं नक्कीच बोलत नसेल,” ती म्हणाली. “गप ऐक.”

कटिंगवाली, काजवाली, इस्त्रीवाली, आमची ताई आणि मी, आम्ही सगळ्या एकाच कपड्यांच्या कारखान्यातल्या. तीस-तीस वर्षं तिथे घालवली, तेव्हा नावं गळून पडली आणि कामं चिकटली. काज म्हणजे बटणाची भोकं. काजवालीने जन्मभर ती केली. ताई मशीनवर, मी तपासणीच्या टेबलावर. शिवून आलेला प्रत्येक कपडा माझ्या हातून जायचा. टाके मोजायचे, टेप लावायची, पाव इंच इकडेतिकडे असेल तर माल परत. माझ्या टेबलाला बायका मनातल्या मनात काय म्हणायच्या ते मला ठाऊक आहे आणि त्यात चूक काही नव्हतं.

आता सगळ्या निवृत्त. वर्षानुवर्षं एका जागी बसून मांड्या वाळल्या, गुडघे बोलायला लागले. आमच्यात चालताना कुणी अडखळलं की बाकीच्या दचकतात, कारण पडलं की काय होतं ते सगळ्यांनी कुणा ना कुणाच्या घरी पाहिलंय.

ताई पडली तेव्हा तिचा मुलगा धावत आला होता. तो लांब असतो, चांगला आहे, पण घाबरट. “आई, आता एकटीने राहायचं नाही. खोली सोडू आणि माझ्याकडे चल.” ताईची ती दुसऱ्या मजल्यावरची दोन खणांची जागा, खिडकीला पडदे तिने शिवलेले, दाराचं कुलूप तिने घेतलेलं. नवऱ्याच्या पश्चात तिच्या नावावरची एवढी एकच गोष्ट. तिने मुलाशी घासाघीस केली. शेवटी दवाखान्यातल्या व्यायामबाईंना मध्ये घालून अट ठरली: स्वतःच्या खुर्चीतून, हात न लावता, पाच वेळा उठायचं. उठलीस तर राहा. नाही तर सामान बांध.

दवाखान्याच्या वरच्या खोलीत व्यायामबाई आठवड्यातून तीनदा आम्हा बायकांचा वर्ग घ्यायच्या. वयाने आमच्या मुलींएवढ्या, आवाज मात्र आमच्या जुन्या सुपरवायझरचा. खालच्या डॉक्टरांनी ताईचं रक्त तपासलं. ड जीवनसत्त्व कमी निघालं. त्यांनी आठवड्याला एक गोळी, मोजक्या आठवड्यांसाठी, लिहून दिली आणि जेवणात प्रथिनं वाढवायला सांगितलं.

“गोळ्यांनी ताकद येईल ना?” ताईने विचारलं होतं.

“गोळी म्हणजे विटा,” डॉक्टर म्हणाले. “तुमच्याकडे विटा कमी आहेत, म्हणून देतोय. भिंत गवंडीच बांधतो, आणि तो गवंडी वरच्या मजल्यावर तुमची वाट बघतोय. जा.”

ताई गेली. पहिल्या महिन्यात वर्गातल्या खुर्चीचे हात धरल्याशिवाय एकदाही उठता येईना. दुसऱ्यात एकदा. चार महिन्यांनी घरच्या खुर्चीतून ती चार वेळा उठायला लागली. चार! एक कमी. आणि नेमका तेव्हा वज्रदादा आला.

आता चार महिन्यांत चार म्हणजे किती रटाळ हिशोब, तुम्हीच बघा. रोज तेच, मांड्या भरून येतात, कुणी टाळ्या वाजवत नाही. आणि इकडे चाळीस दिवसांची पुडी, गोड, कोमट पाण्यातून. दादाच्या अटी तीनच. व्यायाम बंद, कारण घामातून वज्र गळून जातं. दवाखान्याच्या गोळ्या बंद, कारण “दोन सत्त्वं एका घरात नांदत नाहीत, सवती होतात.” आणि तिसरी अट ऐकून मला हसू आलं होतं: वज्र भिनलेलं शरीर उघड्या लाकडावर टेकवायचं नाही. शक्तीची कंपनं लाकडातून जमिनीत जातात म्हणे. म्हणून चाळिसाव्या दिवसानंतरच्या चाचणीला सभागृहातल्या खुर्च्यांवर गाद्या हव्यात.

गाद्या शिवणार कोण? आम्हीच की! फोम दादाने आणून दिला, घट्ट, दाबला तरी फारसा न दबणारा. कटिंगवालीने कापड बेतलं, ताईने शिवलं, काजवालीने कडेचे बंद लावले. आणि तपासायला अर्थातच मी. कोपरे काटकोनात, इंचाला बारा टाके, जाडी चार इंच, सगळीकडे सारखी. एकही गादी परत केली नाही. इतकं सुबक काम निवृत्तीनंतर पहिल्यांदाच हातून गेलं म्हणून मी खूशही झाले. मी तेव्हा जाडी मोजली आणि ती कुठे जाऊन बसणार याचा विचार केला नाही. कारखान्यात तसंच शिकवलं होतं आम्हाला. माल मोजायचा, टेबल मोजायचं नाही.

नऊ वेळा उठल्याची ती चित्रफीत कुणीतरी मोबाईलवर काढली. ताईने ती मुलाला पाठवली. रात्रीच्या आत त्याचा फोन: “आई, मी हरलो. तू तिथेच राहा. मी महिनाअखेरीला येतो, तेव्हा फक्त भेटायला येईन.” फोन ठेवून ताई स्वयंपाकघरात जाऊन रडली. मी चहा केला. आम्हा बहिणींत रडणारीला विचारायचं नसतं.

पुढच्या आठवड्यात मी दुपारी तिच्याकडे गेले तर दार उघडं होतं आणि ताई खुर्चीत. समोर टेबलावर सकाळचा चहा, वर साय धरलेली.

“अगं, हा चहा सकाळचा ना?”

“हं.”

“किती वेळची बसलीयेस?”

“वर्तमानपत्र वाचत होते.”

वर्तमानपत्र तिच्या पायांपासून चार हातांवर पडलं होतं. ती उठू शकत नव्हती. तिच्या त्या जुन्या, बुटक्या खुर्चीला हात नव्हते, मनगटाला जोर सोसवत नव्हता, आणि हाक मारायची तिला लाज वाटत होती. तीन तास. एकाहत्तर वर्षांची बाई स्वतःच्या घरात तीन तास खुर्चीला बांधल्यासारखी बसली होती, आणि शेजारी भिंतीपलीकडे माणसं होती.

मी तिला काखेत धरून उठवलं. न्हाणीत नेलं. त्यानंतरचं सांगत नाही.

“मला कळतंय काय झालंय ते,” ती परत येऊन म्हणाली. “ही खुर्ची लाकडी आहे. कंपनं जातायत. तू सभागृहातली एक गादी आण.”

“ताई!”

“आण म्हटलं ना! तू लहान आहेस, लहान राहा.”

मी लहान म्हणजे सहासष्ट. गेले आणि गादी आणली. खुर्चीवर ठेवली. ताई बसली, हात छातीवर घेतले, आणि उठली. परत बसली, परत उठली. पाच वेळा!

“बघ!” तिचा चेहरा उजळला. “आता बोल!”

 थकवा आला तो असा की वाटलं आपणही त्या गादीवर बसावं आणि कंपनांवर विश्वास ठेवून मोकळं व्हावं. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्यावर माणसाला कधीतरी नको वाटतं. पण हाताने सवयीने पिशवीतली टेप काढली होती. जमिनीपासून लाकडापर्यंत पंधरा इंच. गादी धरून एकोणीस.

“ताई, उठ जरा.” मी गादी काढली आणि तिच्या पलंगावरची ब्लँकेटं घडी घालून, दाबून, एकोणीस इंच होईपर्यंत ठेवली. “आता बस.”

“याच्यात वज्र नाहीये.”

“नसू दे. बस.”

ती बसली. उठली. तिच्या कपाळाला आठी पडली.

मग मी स्वयंपाकघरातलं बुटकं स्टूल आणलं, त्यावर दादाची गादी ठेवली. टेप लावली, पंधरा इंच. “ही अस्सल गादी. खाली कंपन जायला वावच नाही. उठ.”

ताईने जोर लावला.  ढुंगण चार बोटं उचललं गेलं आणि परत आदळलं. दुसऱ्यांदा तेवढंही नाही. मी तिचे हात धरले.

“म्हणजे मी... चाळीस दिवसांत...”

“चारावरून शून्यावर आलीस. व्यायाम सोडलास ना.”

“आणि नऊ?”

“ते नऊ गादीचे. त्यातल्या प्रत्येकावर माझ्या तपासणीचा शिक्का आहे, हे विसरू नकोस. शिवल्यास तू आणि पास केल्या मी.”

तिने गादीच्या शिवणीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, “मुलाला सांगायला नको. तो नऊ धरून बसलाय. महिनाअखेरीला येईल, चहा पिईल, जाईल. मी उभीच राहीन तेवढा वेळ.”

“आणि तो गेल्यावर?”

तिने सायीच्या चहाकडे बघितलं.

मला वाटलं होतं, ती गप्प बसेल. बसली असती तर मी तिला दोष दिला नसता. तिची जागा वाचली होती; खोटी का होईना, वाचली होती. पण दोन दिवसांनी तिचाच फोन आला. “दादाची दुसरी तुकडी आज चाचणीला बसतेय. त्यात काजवाली आहे. तिच्या हाडाची तपासणी झाली तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं, पडलीस तर खुबा जाईल. तीही व्यायाम सोडून बसलीये. चल. आणि येताना व्यायामबाईंकडून ती पायरी माग.”

पायरी म्हणजे वर्गात चढउतार करायला असते ती रुंद, भक्कम फळी. वर रबर, उंची चार इंच. व्यायामबाईंनी विचारलं, “कशाला?” मी सांगितलं. “मीच येते,” त्या म्हणाल्या, आणि पायरी स्वतःच उचलली.

सभागृह तेच, टाळ्या त्याच. फक्त या वेळी मी रांगही पाहिली. ज्या बायका आज पहिल्यांदा आल्या होत्या त्या बाहेर तासभर उभ्या होत्या. त्यांची ‘आधीची’ चाचणी उघड्या खुर्चीवर, पाय दुखत असताना; ताईचे घरचे चार इथे दोन झाले होते ते असे. ज्यांचे चाळीस दिवस भरले होते त्या आत, गादीवर, सरबत पिऊन. कारखान्यात कुणी असा माल तपासला असता तर मी त्याला दाराबाहेर काढला असता.

“आणि ह्या आपल्या नऊवाल्या मातोश्री!” दादाने ताईला ओळखून माईक पुढे केला. “काय सांगाल?”

“सांगायचं काही नाही, दादा,” ताई म्हणाली. “शंका आहे. कंपनं लाकडातून जातात ना?”

“जातात!”

“मग पाय तर जमिनीलाच टेकलेले असतात. तिथून नाही जात?”

दादाने माईक आपल्याकडे ओढला. मग हसला. “हुशार आहेत मातोश्री! पायातूनही थोडी जातात.”

“म्हणजे पायाखाली रबर घेतलं तर शक्ती वाढेल.”

“वाढेल... वाढायला हरकत नाही.”

तो शब्द बाहेर पडायच्या आत पायरी खुर्चीसमोर होती. ताई गादीवर बसली, पाय रबरावर. व्यायामबाई एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, ती पडू नये म्हणून.

“एक!” लोकांनी सुरुवात केली.

ताई उठली नाही. तिने खरंच जोर लावला. मानेच्या शिरा ताणल्या गेल्या. लोक ‘एक’वरच अडकून राहिले आणि हळूहळू तो ‘एक’ही विरला.

“श्रद्धा डळमळली,” दादा माईकवर हळुवार म्हणाला. “मनात शंका आणली की वज्र...”

“पायरी काढ गं,” ताई मला म्हणाली. मी काढली. पाय जमिनीवर आले आणि ती उठली. एक, दोन, तीन. “आता ठेव.” ठेवली. नाही उठता आलं. “काढ.” उठली.

ती माईककडे वळली नाही. बायकांकडे वळली. “माझी श्रद्धा काय पायरीवर चढते-उतरते? गादी मीच शिवलीये. चार इंचांची आहे. पायरीही चार इंचांची. खाली चार वाढवले की वरचे चार गेले. आपण उठलो नाही, आपल्याला उंच बसवलं.”

मग गोंधळ झाला. इस्त्रीवाली पुढे आली. “सरका, मी बघते.” तिने गादी उचलून फेकली आणि उघड्या खुर्चीवर बसली. गेल्या खेपेला तिचे आठ झाले होते. दोनदा उठली आणि खुर्चीच्या कडेला टेकून दादाकडे नुसती बघत राहिली. तिच्या बघण्याला कारखान्यात मुकादमही घाबरायचा. त्यानंतर बायका रांगेने आल्या. कुणाला सांगावं लागलं नाही. कटिंगवालीने फळ्यावर खडूने आकडे मांडले, गादीसकट एक, गादीविना एक, आणि फळा भरत गेला.

दादा पळाला वगैरे नाही. अशा गोष्टींत पळतात, खऱ्यात नाही. तो म्हणाला, आजचं वातावरण दूषित आहे, आणि डबे नीट बांधून, कोट घडी करून गेला. पुढच्या वस्तीत असेल. तिथेही शिवणाऱ्या बायका असतीलच. आणि इथे? काजवाली माझ्याशी आठ दिवस बोलली नाही. “मला बरं वाटत होतं,” ती म्हणाली. “तुमचं काय जात होतं?” हे मला सगळ्यात जास्त ऐकावं लागतं आणि याचं उत्तर रोज द्यायचा मला कंटाळा येतो. शेवटी ती वर्गाला आली. जीव खुब्यात अडकलेला होता.

महिनाअखेरीला मुलगा आला. ताईने चहाच्या आधी त्याला समोर बसवलं, स्वतः पंधरा इंचांच्या खुर्चीत बसली आणि उठून दाखवलं. एकदा. दुसऱ्यांदा अर्ध्यावरून खाली.

“आणि ते नऊ, आई?”

“ते खोटे होते. मला माहीत नव्हतं, पण खोटे होते.”

त्याने तिला धरून नीट बसवलं. “ठरल्याप्रमाणे तू माझ्याकडे यायचंस,” तो म्हणाला, आणि आवाज खाली आला, “पण खोली नको सोडू. किल्ली मावशीकडे राहू दे. तीन महिने माझ्याकडे राहा, तिथे कर व्यायाम. पाच झाले की मीच आणून सोडतो.”

ताई रिक्षात बसताना रडली नाही. मी रडले. आता ती दर रविवारी फोन करते. नमस्कार-चमत्कार नाही, नुसता आकडा सांगते. सुनेच्या जेवणाच्या खुर्चीतून नाही, तिथल्या एका बुटक्या खुर्चीतून. उंची तिने आधी मोजून घेतलीये, पंधराच आहे. रक्त पुन्हा तपासलं, डॉक्टरांनी गोळी परत सुरू केली, मोजकीच. पहिल्या रविवारी एक. मग दोन, मग परत दोन, मग सर्दी झाली म्हणून एक. गेल्या रविवारी तीन. पाच होतील की नाही, मी सांगू शकत नाही. खोट्या गोष्टीचा शेवट पक्का असतो, खरीचा नसतो.

तुम्हाला एवढंच सांगते. म्हातारपणी स्नायू आणि हाडं झिजतात. कुणाच्या शापाने नाही आणि कुणाच्या पुडीने थांबतही नाहीत. रक्तात काही कमी असेल तर डॉक्टर तपासून सांगतील, तेवढं घ्या. स्वतःच्या मनाने जास्त घेतलं तर जीवनसत्त्वही बाधतं. बाकीचं काम तुमच्या मांड्यांचं आहे. ते रोजचं आहे, कंटाळवाणं आहे, टाळ्या कुणी वाजवणार नाही, आणि एखाद्या आठवड्यात आकडा मागेही येईल. आणि कुणी थोड्या दिवसांत चमत्कार दाखवला, तर टाळी वाजवायच्या आधी विचारा की पहिल्या आणि दुसऱ्या वेळेत आणखी काय काय बदललं. विचारणं म्हणजे अपमान नाही. ज्याचं खरं आहे तो स्वतःच टेप पुढे करेल.

हे तुम्ही बसून वाचत असाल. हात छातीवर घ्या, जवळ कुणाला तरी उभं करा, आणि उठून बघा.